४.१० टाकू की ४.५६? आधी टायर मोजा

विचारलेलं थोडक्यात असं: जुनी फोर बाय फोर पिकअप, पेट्रोल व्ही-८ इंजिन, चार गिअरांचा ऑटोमॅटिक बॉक्स, दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये ३.४२ रेशोचे क्राउन-पिनियन (शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी). मूळ टायर २६५/७० आर १७ होते, आता २८५/७५ आर १७ आहेत. मागे २,७०० किलोचा बंद ट्रेलर. सपाट रस्त्यावरही गाडी ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) धरत नाही, हलक्या चढाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा असा खेळ चालतो, आणि चढावर उभी करून निघायचं म्हटलं की बॉक्सचं तापमान वर जातं. कुणी ४.१० सांगतं, कुणी ४.५६. काय टाकावं?

क्राउन-पिनियन बदलायला मी कुणालाही एका झटक्यात हो म्हणत नाही. निम्म्या वेळा दुखणं दुसरीकडेच असतं. तुमच्या बाबतीत मात्र अर्धं दुखणं तुम्ही स्वतः विकत घेतलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

२६५/७० आर १७ या टायरचा व्यास साधारण ८०३ मिलिमीटर. २८५/७५ आर १७ चा ८५९. म्हणजे चाक सात टक्क्यांनी मोठं झालं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, आणि इंजिनाच्या दृष्टीने अ‍ॅक्सलचा रेशो तेवढाच उतरतो. तुमच्या अ‍ॅक्सलवर ३.४२ लिहिलेलं असेल, पण गाडी प्रत्यक्षात ३.२० वर चालतेय. कंपनीने ही गाडी दिली तेव्हासुद्धा ३.४२ हा ओढकामासाठी माफक रेशो होता. आज तर तुम्ही रिकाम्या गाडीने हायवेवर आरामात फिरण्यासाठीचा रेशो घेऊन २,७०० किलो ओढताय.

इथे शब्दांचा एक घोळ असतो, तो आधी मिटवतो. रेशोचा आकडा मोठा म्हणजे गिअर 'खालचा'. ३.४२ वरून ४.१० ला जाणं म्हणजे गिअर खाली आणणं: चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टचे (बॉक्सकडून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचे) ३.४२ ऐवजी ४.१० फेरे. 'वरचा गिअर टाक' असं कुणी म्हटलं तर त्याला आकडा विचारा. या एका शब्दावरून चुकीचा सेट मागवलेले लोक मी पाहिलेत.

आकडाही गृहीत धरू नका, मोजा. जुनी गाडी आहे, आधीच्या मालकाने काय बदललंय कुणास ठाऊक. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. ४१ ला १२ ने भागा, ३.४२. ४१ ला ११ ने, ३.७३. ४१ ला १० ने, ४.१०. ४१ ला ९ ने, ४.५६. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर आकडा असतो, पण झाकण उघडल्यावर ती परत लावायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पट्टी नसेल तर साधा डिफरन्शियल असलेल्या गाडीचं एकच मागचं चाक उचला, बाकी चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, गिअर न्यूट्रलला टाका आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. मी दोन ऐवजी वीस फेरे फिरवतो आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागतो, म्हणजे ३.४२ आणि ३.५५ यांच्यात गफलत होत नाही. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचलून एकच फेरा मोजायचा.

आता मूळ मुद्दा, जो या विषयात बहुतेक जण चुकीचा समजतात. अ‍ॅक्सलचे गिअर बदलून गाडीची ताकद वाढत नाही. इंजिन जेवढे हॉर्सपॉवर देतं तेवढेच देतं. गिअरबॉक्स ही एक शिडी धरा. अ‍ॅक्सल बदलला की सगळी शिडी एकदम खाली सरकते, पण पायऱ्यांमधलं अंतर तेच राहतं. मग फायदा होतो का? होतो, पण दोनच ठिकाणी. एक, सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला, कारण त्याच्या खाली उतरायला बॉक्समध्ये पायरीच नसते. दोन, जिथे दोन पायऱ्यांमधलं अंतर इतकं मोठं आहे की तुम्हाला हवी ती जागा नेमकी त्या पोकळीत पडते.

तुमचा चार गिअरांचा बॉक्स ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असा आहे, हे धरून चालतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना १.६३ वरून एकदम १.००. ही पायरी नाही, उडी आहे. तुमच्या आजच्या टायरवर ताशी ८० ला तिसऱ्यात इंजिन साधारण १,६९० आरपीएमवर फिरतं आणि दुसऱ्यात २,७५० वर. मधे काहीच नाही. पेट्रोल व्ही-८ ला १,६९० वर एवढं वजन रेटवत नाही, म्हणून बॉक्स दुसरा टाकतो. दुसऱ्यात ताकद उरते, म्हणून परत तिसरा टाकतो. तुम्ही सांगताय तो खेळ हाच. बॉक्स बिघडलेला नाही, त्याच्यापाशी मधली पायरीच नाही.

हेच आठ गिअरांच्या बॉक्सला लावून बघा, म्हणजे तशा गाडीवाल्याचा सल्ला तुमच्या कामाचा का नाही ते कळेल. झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा बॉक्स घ्या: ४.७१, ३.१४, २.१०, १.६७, १.२९, १.००, ०.८४, ०.६७. सहाव्यात ३.४२ च्या अ‍ॅक्सलने मिळतो तो एकूण रेशो ३.४२. अ‍ॅक्सल ४.१० केला तर सातव्यात मिळतो ०.८४ गुणिले ४.१०, म्हणजे ३.४४. बरोबर तेच! एवढा खर्च करून, अ‍ॅक्सल उघडून माणसाने काय मिळवलं, तर जे एक गिअर खाली टाकून आधीही मिळत होतं ते. अशा गाडीत चढावर काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो निघताना आणि रिव्हर्सला. ज्याला नेहमी चढावर ट्रेलर मागे ढकलायचा असतो त्याच्यासाठी तो फरक खरा आहे, बाकीच्यांनी ओढकामाचा मोड चालू करावा आणि पैसे ट्रेलरच्या ब्रेकवर घालावेत.

मग कंपन्या ४.१० वाल्या गाडीला जास्त ओढक्षमता का देतात, असा प्रश्न येतोच. त्याचं एक कारण क्षमता ठरवण्याच्या चाचणीत आहे. अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या मानकात १२ टक्के चढावर भरलेल्या ट्रेलरसह उभ्या गाडीला पाच मिनिटांत पाच वेळा निघून दाखवावं लागतं, पुढेही आणि रिव्हर्सलाही. तिथे सगळ्यात खालची पायरीच कामाला येते. त्याच मानकात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर ठरावीक वेग राखायचीही अट आहे. तिथे मात्र हॉर्सपॉवर आणि थंडावा यांचा कस लागतो, रेशो एकटा काही करू शकत नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तुम्ही घरी ४.१० टाकले म्हणून दाराच्या चौकटीवरच्या किंवा पुस्तकातल्या वजनमर्यादा वाढत नाहीत. कंपनीच्या ४.१० वाल्या गाडीत रेडिएटर, बॉक्सचा कूलर, कधी स्प्रिंगा आणि ब्रेकही वेगळे असू शकतात. कायदा आणि विमा यांच्या लेखी तुमची गाडी ३.४२ वालीच.

तर तुमच्या गाडीत बदल करण्यासारखा आहे. पण किती?

ढोबळ हिशेब मांडतो. गाडी आणि ट्रेलर मिळून ५,००० किलो धरा. ६ टक्के चढाला निव्वळ वजन ओढायलाच सुमारे २,९४० न्यूटन लागतात. त्यावर टायरांचा रोध आणि बंद ट्रेलरच्या उभ्या भिंतीवर आदळणारी हवा मिळवली तर ताशी ८० ला ४,७०० च्या आसपास. म्हणजे चाकापाशी शंभर किलोवॅटच्या वर, १४० हॉर्सपॉवर. ते व्ही-८ इंजिन २,००० आरपीएमला देऊच शकत नाही, कुठलाही अ‍ॅक्सल टाका. म्हणून ६ टक्क्यांच्या चढावर गाडी मूळ मापाचे टायर आणि ४.१० टाकल्यावरही दुसऱ्यातच जाणार. फक्त आता दुसऱ्यात २,७५० वर कण्हत जाते, तेव्हा ३,५०० च्या आसपास मोकळी फिरेल. इंजिन गरगरतंय म्हणून घाबरू नका, पेट्रोल इंजिनाला तिथेच दम असतो. कमी आरपीएमला पाय पूर्ण दाबून रेटणं त्याला जास्त जड जातं.

खरी कमाई ३ टक्क्यांच्या चढाला आहे. तिथे साधारण ७० किलोवॅट लागतात. आजच्या अवस्थेत तिसऱ्यात तेवढे मिळत नाहीत, ४.१० ने मिळतील. हायवेवरचे बरेचसे चढ याच जातीचे असतात, लांब आणि सौम्य. तिथे गाडी तिसरा धरून बसली, कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक राहिला, की बॉक्स तापायचं निम्मं कारण संपतं. उष्णता बनते ती लॉक सुटलेल्या कन्व्हर्टरमध्ये आणि सतत गिअर पडण्यात.

आता टायर आणि रेशो एकत्र बघा. मूळ मापाचे टायर आणि ४.१० केले तर ताशी ८० ला तिसऱ्यात २,१७०. आजचे मोठे टायर ठेवून ४.१० केले तर २,०२५. मोठे टायर आणि ४.५६ केले तर २,२५०. म्हणजे तुम्हाला ४.१० सांगणारा आणि ४.५६ सांगणारा, दोघेही एकाच जागी पोचतायत. एकाने टायर बदलायचे गृहीत धरलेत, दुसऱ्याने नाही. या दोन वाटांमधली मी पहिली घेईन. मोठा टायर नुसता रेशो खात नाही, तो जड असतो, ब्रेकला जास्त काम देतो, आणि त्याची मऊ, उंच भिंत ट्रेलर मागे असताना गाडीला डुलवते. ओढकामाच्या गाडीला टायर बघायचा तो वजन पेलण्याच्या आकड्यावर, उंचीवर नाही.

शिवाय ४.५६ ला पिनियनला नऊच दात उरतात. क्राउनचा व्यास हौसिंगने ठरवलेला असतो, त्यामुळे रेशो वाढवायचा तर पिनियनच बारीक करावा लागतो, आणि पिनियन बारीक झाला की एकावेळी टेकणारा दाताचा भाग कमी होतो. उलट बाजूने तेवढीच ओढ चाकाला द्यायला शाफ्टवर आणि बॉक्सवर पिळा (टॉर्क) कमी पडतो, हा फायदाही मोजा. पण अ‍ॅक्सलच्या आत नाजूकपणा वाढतो हे खरं. ४.१० पर्यंत मी निर्धास्त असतो. त्यापुढे अ‍ॅक्सल कुठला आहे ते बघून बोलतो.

बारीक पिनियनचा आणखी एक परिणाम बाजारात गेल्यावर कळतो. पिनियन लहान म्हणून क्राउन त्याच्याकडे जास्त सरकवावा लागतो. काही अ‍ॅक्सलमध्ये त्यासाठी जाड क्राउन मिळतो, काहींमध्ये ज्याच्यावर क्राउन बसतो ती केजच बदलावी लागते. डाना कंपनीच्या ४४ नंबरच्या मॉडेलमध्ये ही हद्द ३.७३ आणि ३.९२ च्या मधे आहे, डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ च्या मधे. तुमचा अ‍ॅक्सल कुठला आणि हद्द कुठे, हे सेट मागवण्याआधी बघा. केज बदलायचीच असेल तर लिमिटेड स्लिपवाली टाकण्याची हीच वेळ, एकदा उघडल्यावर मजुरी तीच.

फोर बाय फोर आहे म्हणून पुढचा अ‍ॅक्सलही करायचा. 'मी पुढचा कधी वापरत नाही, नुसता मागचा करा' असं सांगणारे भेटतात. मी ते काम घेत नाही. कुणीतरी, कधीतरी, चिखलात फोर बाय फोरचा दांडा ओढतोच, आणि वीस टक्क्यांच्या फरकाने पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागली की ट्रान्सफर केसची (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या बॉक्सची) साखळी नाहीतर शाफ्टचा क्रॉस (सांधा) जातो. ४.१० मागे आणि ४.०९ पुढे इतका फरक चालतो. पुढच्या अ‍ॅक्सलचा सेट मागवताना पिनियन क्राउनच्या मध्याच्या वर आहे की खाली तेही बघा. वर असेल तर उलट कापलेल्या दातांचा सेट लागतो, मागचा तिथे बसत नाही.

सगळं नवं टाकण्याला एक पर्याय आहे आणि तो मला आवडतो: याच मॉडेलच्या, कंपनीतूनच ४.१० घेऊन आलेल्या भंगार गाडीचे दोन्ही अख्खे अ‍ॅक्सल. कारखान्यात बसवलेली जोडी शेकडो तास एकमेकांवर फिरून चोपडी झालेली असते, आवाज करत नाही. झाकण काढून दात बघा, पिनियनचा योक (शाफ्ट जोडतात तो तुकडा) धरून हलवून बघा, तेलात धातूचा चुरा नको, नळ्या वाकलेल्या नकोत. हे जमलं तर पुढचे चार परिच्छेद तुम्ही सोडूनही द्याल.

नवीन सेट बसवायचा असेल तर काम कुणाला द्यायचं हे रेशोपेक्षा महत्त्वाचं आहे. इंजिन उत्तम करणारे हातसुद्धा डिफरन्शियलमध्ये फसतात. इथे बोल्ट आवळण्यापेक्षा मोजणं जास्त असतं. चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: पिनियन किती खोल बसतो, त्याच्या बेअरिंगांवर किती ताण आहे, क्राउन आणि पिनियनच्या दातांमध्ये किती मोकळीक आहे, आणि केजच्या बेअरिंगांवर किती ताण आहे. एक बदलली की दुसरी हलते.

बेअरिंगं सगळी नवी घ्या. जुनी दिसायला चांगली असली तरी जुन्या क्राउन-पिनियनच्या वजनाखाली बसलेली असतात. उघडताना केजच्या बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी आणि वर-खाली अशी खूण करा. त्या हौसिंगसोबतच बोर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग चिमटतं. क्राउनचे बोल्ट सुटत नसतील तर जोर लावण्याआधी बोल्टच्या टोकाकडे बघा, काही अ‍ॅक्सलमध्ये ते डाव्या आट्याचे असतात. बसवताना क्राउन बोल्टांनी ओढून बसवू नका. बैठक साफ करा, कड्यांवरचे उंचवटे पॉलिशच्या दगडाने मारा, क्राउन थोडा गरम करा, आपसूक बसतो. बोल्ट नवे, समोरासमोर टप्प्याटप्प्याने आवळलेले.

पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये बऱ्याच अ‍ॅक्सलना चेपणारी स्लीव्ह असते. ती चेपायला सुरुवात व्हायलाच ४०० न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो, आणि एकदा चेपायला लागली की नटाच्या बारीकशा वळणाने बेअरिंगांचा ताण भराभर चढतो. नव्या बेअरिंगांना पिनियन फिरवायला लागणारा पिळा मध्यम अ‍ॅक्सलमध्ये साधारण दोन ते साडेतीन न्यूटन-मीटर असतो, तुमच्या अ‍ॅक्सलचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात बघा. नट थोडा वळवा, मोजा, थोडा वळवा, मोजा. आकडा ओलांडला तर नट सैल करून काम भागत नाही, नवी स्लीव्ह टाकायची. हे मी नुसतं वाचून सांगत नाही. शिकाऊ असताना आकडा पुढे गेला, संध्याकाळ झालेली, दुसरी स्लीव्ह हाताशी नव्हती. मी नट पाव फेरा मागे घेतला आणि गाडी दिली. तीन महिन्यांनी ती दोरावर परत आली. पिनियन पुढेमागे खेळत होता आणि क्राउनच्या दातांच्या कडा गेल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक कामाला तीन स्लीव्ह घेऊन बसतो.

मोकळीक डायल गेजने मोजायची, क्राउनवर निदान चार ठिकाणी. या मापाच्या अ‍ॅक्सलना ती बहुधा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. केज एका बाजूला ०.२५ मिलिमीटर सरकवली की मोकळीक साधारण ०.१८ ने बदलते, हा ठोकताळा शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) निवडताना वेळ वाचवतो. पण आकड्यांपेक्षा मोठा न्यायाधीश म्हणजे दातांवर उमटणारा ठसा. क्राउनच्या काही दातांना पिवळा मार्किंग रंग लावा, क्राउनला लाकडाने रोध द्या आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. ठसा दाताच्या मुळाकडे घसरला असेल तर पिनियन फार आत गेलाय, पातळ शिम टाका. ठसा शेंड्याकडे असेल तर पिनियन बाहेर आहे, जाड शिम. मुळ-शेंड्याच्या मधोमध ठसा आला पाहिजे, ओढीच्या बाजूलाही आणि सोडल्याच्या बाजूलाही. दाताच्या आतल्या-बाहेरच्या टोकाकडे ठसा थोडा सरकलेला असेल तर त्याचा मी फार बाऊ करत नाही. पहिला अंदाज म्हणून जुन्या पिनियनखालची शिम वापरतात, ते ठीक आहे, पण तिथेच थांबू नका. चार-पाच वेळा काढ-घाल झाली नाही असं काम क्वचितच असतं. कारागीर म्हणाला 'एका फटक्यात बसलं', तर ठशाचा फोटो मागा.

गाडी बाहेर आली की पहिला धक्का स्पीडोमीटरचा. वेगाचा सेन्सर बॉक्सच्या शेपटाला असेल तर काटा आता वीस टक्के जास्त दाखवेल, मोठे टायर काढल्याने आणखी थोडा. सेन्सर चाकांना असेल तर काटा बरोबर दाखवेल, पण बॉक्सच्या कॉम्प्युटरला वाटेल की क्लच घसरतायत, आणि तो चुकीच्या वेळी गिअर टाकेल किंवा दिवा लावून बसेल. दोन्ही बाबतीत टायरचं माप आणि नवा रेशो कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यावा लागतो. आधी चौकशी करा, कारण हे यंत्र प्रत्येकाकडे नसतं. प्रोपेलर शाफ्टही आता त्याच वेगाला निदान वीस टक्के जास्त फिरणार आहे. जुना क्रॉस, जरासा वाकलेला शाफ्ट, जे आजवर कळत नव्हतं ते थरथर होऊन जाणवेल. क्रॉस तपासून घ्या. आणि उतरणीवरचा फायदा विसरू नका: त्याच गिअरमध्ये इंजिन आता गाडीला निदान वीस टक्के जास्त धरून ठेवेल. माझ्या मते ट्रेलरवाल्याला चढापेक्षा हा फायदा जास्त मोलाचा.

रिकामी गाडी पेट्रोल थोडं जास्त पिईल, हे आधीच स्वीकारा. ट्रेलर मागे असताना मात्र फरक नगण्य, कधी उलटाही. ओव्हरड्राइव्ह ट्रेलर ओढताना बंदच ठेवा. ४.१० टाकले म्हणून तो वापरायचा परवाना मिळत नाही. बॉक्सला वेगळा कूलर नसेल तर क्राउन-पिनियनच्या आधी तो बसवा.

शेवटचं काम तुमच्याच हातात आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. नवे दात एकमेकांवर घसरत जुळतात, तेव्हा खूप तापतात. पहिले २५-३० किलोमीटर ट्रेलरविना, सावकाश, मग गाडी अर्धा तास थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर जोडू नका. जोडल्यावरही पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर ओढा, थंड करा, पुन्हा ओढा. तेल जीएल-५ दर्जाचंच, या दातांमध्ये घसरण एवढी असते की साधं तेल टिकत नाही. जाडी अ‍ॅक्सलच्या पुस्तकाप्रमाणे, ओढकामाला बऱ्याचदा ७५डब्ल्यू-१४० सांगतात. लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं मिश्रण वेगळं.

आवाजाकडे कान ठेवा. पाय दाबला की रडतो आणि सोडला की गप्प, किंवा त्याच्या उलट, तर तो दातांचा आवाज आहे आणि आपोआप जाणार नाही. गाडी परत द्या, ट्रेलर जोडू नका. पाय दाबण्या-सोडण्याने फरक न पडता वळणावर बदलतो, तर तो चाकाच्या बेअरिंगचा. ८०० किलोमीटरला तेल बदलाच. झाकणाच्या चुंबकावर राखाडी, मऊ चिखल असेल तर तो जुळणीचा, पुसून टाका. बोटांना टोचणारे चकचकीत पापुद्रे लागले तर झाकण परत लावण्याआधी कारागिराला बोलवा, आणि ते तेल फेकू नका, त्याला दाखवायला ठेवा.